धोंडिराम परब यांची राखण

आदरणीय अध्यक्ष नमिताताई, मानखुर्दहून आलेल्या पाहुण्या जानकीताई, विश्वस्त, शिक्षक आणि पालकहो,

मुख्याध्यापिका म्हणून बावीस वर्षं मी कागदाशिवाय बोलत आले. आज लिहून आणलं आहे, कारण धोंडिराम परब तीन वर्षं आधीच निवृत्त होत आहेत आणि त्याला कारण मी आहे. तोंडी बोलले असते तर हे वाक्य मी गाळलं असतं.

मुलुंडच्या आपल्या शाळेची संगणक खोली परब सांभाळतात. जुन्या, मंद संगणकांना नवे प्रोग्रॅम झेपत नाहीत. झेपतील असे मूळ कोडपासून मुद्दाम बांधावे, म्हणजे नव्याने तयार करावे लागतात. त्या संगणकांवरच बांधायचे तर आठवडा जातो. म्हणून परब आपल्या एका बऱ्या मशीनवर ते तयार करत आणि बाहेरच्या गरजू वर्गांना पेनड्राइव्हवर आयते देत. एकेका बांधणीला चौदा तास, म्हणजे मशीन रात्रभर चालू हवं. मी काय पाहिलं? पडद्यावर ओळी सरकताहेत आणि माणूस पेपर वाचतोय.

"परब, काम नाही का?"

"बाई, काम मशीन करता. मी राखण करतंय."

"राखण करायला हे काय तुमच्या गावचं काजूचं परडं आहे?"

शिक्षक हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या आठवड्यात शाळा सुटताना मेन स्विच मी स्वतः बंद केला. तीन दिवस. तिन्ही वेळा बांधणी अर्ध्यात तुटली. परबांनी सांगितलं नाही का? मशीन चालू राहू द्यावं, असा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मी वाचला नव्हता.

ती बांधणी जानकीताईंच्या टायपिंग वर्गासाठी होती. त्यांचा फोन आला, "बाई, सरावच झाला नाही. नऊ मुलींची परीक्षा हुकली. एक मशीन चालू राहिलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

फोन ठेवला आणि परबांचा तो अर्ज तेव्हा वाचला.

पुढच्या सोमवारी परबांचा निवृत्तीचा अर्ज आला. मागे घ्या, असं मी म्हणाले, तर परब म्हणतात, "ह्यो अर्ज तरी वाचलात, बरां झाला."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वागण्यात झालं ते घालू नका.

आता नोंद. परबांनी शाळेकडे सोपवलं: खोलीची किल्ली, तयार प्रोग्रॅमचे सहा पेनड्राइव्ह, कुठल्या वर्गात कुठलं मशीन याची वही. जानकीताईंच्या हाती: एक पेनड्राइव्ह. बांधणी पूर्ण.