टाकीला हात लावायचा न्हाई

काय सांगू तुम्हाला, जन्मतारीख विचारू नका, ती मास्तरांनी शाळेत अंदाजानं टाकलेली हाय, पण आमच्या वस्तीनं धम्म घेतला तवा मी सहा-सात वर्षांचा असंल, बापानं घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले आन् मी त्याच्या मागं मागं पळत गेल्तो, मला वाटलं आता काहीतरी व्हईल, पण काही न्हाई झालं, बाप घरी आला, भाकर खाल्ली आन् झोपला. वस्ती आमची भोकरदनहून धावड्याकडं जाताना नदीच्या अलीकडं, गाव पलीकडं. मधे नदीचं वाळवंट, उन्हाळ्यात पायाची आग आग व्हायची. बाप लवकर गेला. माय व्हती, गयाबाई नाव तिचं, दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची, तिनं मला सातवीपर्यंत शिकवलं, मंग मीच म्हणलो, बस झालं आता.

भोकरदनला एका चाचाच्या गॅरेजात लागलो. चाचा पहिले फौजेत व्हते, राजस्थानच्या वाळवंटात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, एका कानानं बहिरे आन् तोंडानं लई फटकळ. चुकीचा पाना हातात दिला की तोच पाना पाठीत बसायचा. पण माझी जात न्हाई विचारली कधी, एकाच पातेल्यातला चहा प्यालो आम्ही सात वर्ष. त्यांनीच शिकवलं, रेतीत गाडी घालायची तर चाकातली हवा कमी कर, मधे थांबू नको, ब्रेक बिलकुल मारू नको, आन् चारी चाकं ओढत पाहिजेत. रेत में गाडी को चारों पाँव होना बेटा, असं म्हणायचे.

मंग बहात्तरचा दुष्काळ आला. एका मालकानं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणली, चारी चाकं ओढणारी, आन् खेड्यापाड्यात पाणी पोचवायचा ठेका घेतला, कारण तिकडं ट्रक जात न्हवते. म्हणले, हिच्यावर टाकी बसवून दे. ती गाडी मी बांधली बघा, चाचांनी नुस्तं बसून शिव्या दिल्या. मागचं अंग कापलं, सीटा काढल्या, स्प्रिंगचे पाटे वाढवले, गाडी वीतभर वर उचलली. तीन पिंपं पाणी मावंल एवढी पत्र्याची टाकी जोडली आन् तिच्या पोटात मधे आडवा पत्रा घातला, न्हाईतर उतारावर सगळं पाणी पुढं उसळतं आन् गाडी ऐकत न्हाई. शेवटी मागं पितळी तोटी बसवली. एक थेंब गळत न्हवता, एक थेंब! मालक खूश झाले, म्हणले, ड्रायव्हर पण तूच.

टाकी पहिल्यांदा भरायच्या आधी मालकाच्या भावकीतला एक जण आला, त्यानं टाकी आतून-बाहेरून धुतली, आन् मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे बघ सुखदेव, माझ्या मनात काही न्हाई, पण गावचे लोक कसे असतात तुला माहीत हाय, आता टाकीला तू हात लावायचा न्हाई, तोटी हा सोडंल. आयला, जिची शिवण न् शिवण मी जोडली तिला हात लावायचा न्हाई! स्टेअरिंगला लावायचा, चाकाला लावायचा, खाली झोपून ऑइल तोंडावर घ्यायचं, ते चालतं. मी हो म्हणलो. काय करणार, रोजाचे पैसे भेटत व्हते, माय तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

महिनाभर गाडी काय पळाली! हवा कमी करायची, पुढच्या चाकांचा गिअर टाकायचा, की वाळवंटातून झुईझुई पलीकडं. काठावर आमच्या वस्तीच्या बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या, त्यात माय पण. त्यांच्या देखत गाडी गावात जायची, मंग त्या मागून चालत जायच्या, लांब उभ्या राह्यच्या, गावाचं भरून झालं की उरलंसुरलं कुणीतरी वरून ओतायचं. कधी उरायचं, कधी न्हाई. मी स्टेअरिंगवर समोर बघत बसायचो.

मंग मालकाच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की पुढची चाकं ओढतात म्हणून पेट्रोल जास्त खाती. म्हणले, पुढचा शाफ्ट काढून टाक. चाचा म्हणले, नक्को निकाल, पाँव काटरा क्या तू. मी मालकाला समजावून सांगितलं, एकदा न्हाई, तीनदा सांगितलं. मालक म्हणले, गाडी कुणाची हाय? काढला मंग. माझ्याच हातानं बोल्ट खोलले.

आठ दिवस चाललं कसंतरी, चाकोरी दाबून घट्ट झाल्ती म्हणून. नवव्या दिवशी बघतो तर चाकोरीवर लोकांनी पाण्यासाठी खड्डे खांदलेले. वळसा घालून सुट्ट्या वाळूत घातली आन् मधोमध मागची चाकं जी बसली ती आसापर्यंत. हवा कमी केली, चाकाखाली पऱ्हाट्या घातल्या, अंगातलं शर्ट घातलं, जेवढी रेस द्यावी तेवढी खाली जाई. आन् त्याच दिवशी मालक सोबत, कारण कुणी साहेब गावात पाहणीला येणार व्हते, गाडी पोचती का न्हाई बघायला.

मालक म्हणले, टाकी रिकामी कर, हलकी झाल्याबिगर निघत न्हाई. खरं व्हतं ते. तोवर वस्तीच्या बाया घागरी घेऊन जवळ आल्त्या. मी म्हणलो, मालक, सांडायचंच हाय तर ह्या भरून घेतील की. मालक म्हणले, अरे, पलीकडून सगळं गाव बघून राह्यलं, ह्यांच्या घागरी टाकीला लागल्या तर उद्यापासून कोण घेईल हे पाणी? ठेका जाईल, तुझी नोकरी बी जाईल. रिकामी व्हईपर्यंत कुणी जवळ यायचं न्हाई. तोटीवाला गावात पुढं गेल्ता. मी म्हणलो, मालक, तोटी कोण सोडंल? तर काय म्हणावं त्यांनी, तूच सोड, आता सांडायचंच हाय, बाटलं तर बाटलं.

न्हाई म्हणायला पाहिजे व्हतं. तुम्ही तोंडानं बोलून न्हाई राह्यले, पण मनात हेच म्हणत असाल. मी पन्नास वर्ष तेच म्हणतो. पण तवा माझा हात तोटीकडं गेला, पितळ उन्हानं तापलेलं, चटका बसला, आन् मी सोडली. तीन पिंपं पाणी वाळूत. बाया वरडल्या न्हाई, शिव्या न्हाई, काही न्हाई, नुस्त्या बघत राह्यल्या. मंग मालकानं वस्तीच्या माणसांना हाक मारली, या रे, जोर लावा. ढकलायला आमची माणसं चालतात! निघाली गाडी. साहेबांनी गावात गाडी बघितली, मान हलवली, टाकीवर टिचकी सुद्धा न्हाई मारली.

परत येताना वाळवंटात बघतो तर बाया गुडघ्यावर बसून हातानं खांदून राह्यल्या. तिथं वाळू हातभरच, खाली काळी चिकण, तिच्यावर थोडं पाणी तुंबलं व्हतं, गढूळ. पदरातून गाळून घागरीत भरत व्हत्या. माय उठली, तांब्या घेऊन गाडीपाशी आली आन् म्हणली, पी, सकाळपासून उन्हात हाईस. मालक शेजारी बसलेले. मी प्यालो. काय करू, लई तहान लागल्ती, सगळा तांब्या प्यालो, तिला ठेवलं न्हाई थोडं बी.

पुढं मी ती गाडी सोडली, जाफराबादला स्वतःचं दुकान टाकलं, पोरगी शिकली, मास्तरीण झाली, सगळं बराबर झालं. आता गुडघे गेलेत, घरीच असतो. ते मालक बी गेले, त्यांच्या मातीला मी गेल्तो, राग येत न्हाई त्यांचा, हेच खरं नवल हाय. तुमचं बी भलं व्हवो, म्हाताऱ्याचं ऐकत बसला. माय लई वर्ष जगली त्याच्यानंतर. एकदा हिंमत करून विचारलं, माय, त्या दिवसाचा तुला राग न्हाई का आला माझा? भाजी निवडत व्हती, वर बघितलं न्हाई. म्हणली, तुझा कुठं इलाज व्हता, बाबा. तेवढंच. एक थापड मारली असती तर मी कवाच विसरून गेलो असतो.