सर्व्हर मुंबईला

तिसगावच्या सेवा केंद्रात मी रांगेत होते. माझ्या पुढे गोजरबाई, संगणकापाशी अश्विनी.

"अश्विनी, पीकविम्याचा आज शेवटचा दिवस हाय. माझा अर्ज भर आधी."

"मावशी, तासाभरापासून सर्व्हर डाऊन आहे."

"कुठं असतो गं त्यो?"

"मुंबईला."

"मग फोन लाव की त्यांना!"

"लावला. म्हणतात, सर्व्हर चालू आहे, तुमच्या राउटरचे दिवे बघा."

"मग बघ की."

"एकही लागलेला नाही. अरे, याची पिन कुणी काढली?"

"ती व्हय? मीच. फवारणीचा पंप चार्जिंगला लावलाय. वस्तीवर लाईट न्हाई."

"मावशी! मागं वीस माणसं खोळंबलीत!"

"बरं, काढ पंप. माझा अर्ज झाला की परत लाव. अजून अर्धाच चार्ज झालाय."