पेशी काही थांबत नाही

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं हेवा करावा तरी कुणाचा? कुणाला शेजाऱ्याचा वाटतो, कुणाला साडूचा वाटतो... मला वाटतो एका पेशीचा! हसू नका! नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि माझी बायको दिवसभर तिच्याकडे एकटक बघत बसते हो! माझ्याकडे असं कधी बघितलं होतं? लग्नात... तेही फोटोवाला ओरडला म्हणून!

बायको संशोधक. मेंदूतल्या गाठीच्या पेशी चांगल्या मेंदूत घुसतात कशा, ते शोधते. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जातो, म्हणतो, ‘चल ना घरी.’ ती मायक्रोस्कोपवरून मानसुद्धा न उचलता, ‘पाचच मिनिटं थांब रे!’ तुम्हाला सांगतो, तिच्या पाच मिनिटांत डब्यातली भाजी आंबते!

बरं, त्या भवानीची, पेशीची हो, तऱ्हा ऐका. समोर चिंचोळी फट, ही जाडजूड. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? गपगुमान माघारी फिरलो असतो. ही नाही! हिच्या अंगाला बारीक बारीक दारं असतात, आयन चॅनल म्हणतात, ती उघडते, आतलं मीठ बाहेर सोडते, मिठामागोमाग पाणी जातं, अंग आक्रसतं, आणि सुळकन पलीकडे! तिकडे पोचली की पाणी पिऊन पुन्हा गुबगुबीत! मी इतकी वर्षं मीठ कमी खातोय, माझी विजार तसूभर सैल होत नाही... तर ती दारं बंद करणारं औषध बायको शोधतेय.

एकदा म्हटलं, बघू तरी सवत दिसते कशी. गेलो, टेबलावर कोपर टेकलं... अहो, ते टेबल हवेवर तरंगतं! रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा पोचू नये म्हणून! हादरा नाही पोचला, माझं कोपर पोचलं! चित्र हललं, दिवसभर पाठलाग केलेली पेशी गायब! ‘बाहेर! बाहेर पाच मिनिटं थांब!’ तेव्हापासून मी काचेबाहेर, डबा मांडीवर.

रागवू तरी कसा? तिचा धाकटा भाऊ... माझा मेहुणा नंतर, दोस्त आधी. आमचं जुळवलं त्यानंच. त्याच्या मेंदूतली गाठ काढली तेव्हा सर्जन म्हणाले, ‘दिसली तेवढी सगळी काढली.’ दिसली तेवढी! न दिसणाऱ्या पेशी केव्हाच पलीकडे सरकल्या होत्या. फार आठवण येते हो त्याची. आणि हिचीही येते, ही तर काचेपलीकडेच बसलेली असते.

परवा आतून आरोळी, ‘थांबली! अरे, थांबली!’ धावत बाहेर आली, माझे दोन्ही हात धरले, माझ्याकडे बघितलं... एकटक! औषध लागू पडलं होतं, पेशी फटीच्या तोंडाशी ठप्प! मी डबा उचलला, तिची पर्स खांद्याला लावली, ‘चल, आज गरम जेवू!’ जिन्यापर्यंत आलोसुद्धा! तिथं म्हणते, ‘एकदाच बघून येते.’ गेली... काचेतून मला तिचे खांदे खाली आलेले दिसले. भवानीनं दुसरंच कुठलं तरी दार उघडलं होतं!

‘पाचच मिनिटं थांब रे...’

बसलो. पर्स खांद्याला तशीच. काय करणार? तिच्या सांगण्यावरून थांबणारा त्या इमारतीत सध्या तरी मी एकटाच!