गरम विटा

(इयाशी, रोमानिया. १९८५चा जानेवारी. प्रकाशनसंस्थेतली खोली. कादंबरीकार लिओंतिना आणि तिचा जुना संपादक कासियान. दोघांच्याही अंगात ओव्हरकोट.)

लिओंतिना : भाषण ठेवलं? अरे, त्यांनी खोडावं म्हणूनच घातलं होतं ना आपण ते!

कासियान : वीस वर्षं तेच करत आलो. एक भडक पान पुढे टाकायचं, वरच्या सेन्सॉर कचेरीने त्यावर लाल पेन्सिल झिजवायची, बाकीचं पुस्तक सुटायचं. पण आता नवा साहेब आलाय. त्याला भाषण मनापासून आवडलं.

लिओंतिना : कारखान्याचा मॅनेजर ट्रॅक्टरचे मुके घेतो, ते?

कासियान : डोळ्यांत पाणी आलं म्हणाला.

लिओंतिना : मेल्याला हसूसुद्धा येत नाही! मग खोडलं काय?

कासियान : आधी बस तरी. चहा सांगू?

लिओंतिना : कासियान. काय खोडलं?

कासियान : शेवटचं प्रकरण. आईचं.

लिओंतिना : सगळं?

कासियान : ‘आपल्या इस्पितळांत थंडीने कोणी मरत नाही,’ असा शेरा आहे. आई बरी होऊन घरी आली पाहिजे. नाहीतर पुस्तक नाही.

लिओंतिना : हातमोजे घालून भरवत होते रे मी तिला. सूप चमच्यातच निवायचं.

कासियान : माहीत आहे. आलो होतो मी.

लिओंतिना : हो, गरम विटा घेऊन. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. नर्सने दारातच अडवलं तुला.

कासियान : तुझा भाऊ बोलावत होता तेव्हाच आईला घेऊन पॅरिसला गेली असतीस, तर...

लिओंतिना : आई म्हणायची, तिथे पाववाल्याशी भांडू कुठल्या भाषेत? ती जाईना, म्हणून मी राहिले. आणि राहिलेच आहे, तर निदान तिच्याबद्दल खरं लिहावं म्हटलं. ते एकच प्रकरण मी कोणाला न भिता लिहिलंय.

कासियान : मग परत ने. कपाटात ठेव. मी काही म्हणणार नाही.

लिओंतिना : कपाटात अशी तीन पुस्तकं पडलीत. पासष्टी उलटली माझी. कपाटात कोण भेटणार आईला? ...पेन दे.

कासियान : नक्की?

लिओंतिना : घरी आणायची, तर खोली तापलेली हवी. शेगडी दिवसरात्र पेटलेली. चालेल त्यांना?

कासियान : चालेल? खूश होतील.

लिओंतिना : मग लिहिते. एकदा तरी तिचे पाय गरम होऊ देत.