जावयाच्या बदल्यात गोलकीपर

"हॅलो?… हां, बोल… थांब जरा, हात ओले आहेत…"

बदरुद्दीनने फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला आणि बादलीतली पुढची जर्सी पिळायला घेतली. जुम्म्याची, सुट्टीची दुपार, रियाधच्या बत्हा भागातल्या इमारतीची गच्ची आणि गावकऱ्यांच्या संघाच्या, आडेखार इलेव्हनच्या, चौदा हिरव्या जर्सी. फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणजे दर आठवड्याला दुसऱ्यांचा घाम धुणारा माणूस, हे त्याला बारा वर्षांत कळून चुकलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यात तो सुखी होता. फोन गावाहून, आडेखारहून होता, बायकोचा. अमिरुन्निसा या वेळेला कधी फोन करत नसे.

"कोण म्हणालं तुला?… इस्मतची आई?… अगो, कमिटी पाच वाजता बसायची आहे, आणि आडेखारात निकाल लागला पण?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. तेवढ्यात त्याच्या दोन जर्सी वाळत घालून झाल्या.

"नाय, नाय… हाकलत नाय त्याला. अदलाबदल म्हणतात याला. खमीस मुशैतची टीम झैदला मागतेय, बदल्यात त्यांचा गोलकीपर देतेय. नौशाद. त्याची कंपनी त्याला रियाधला पाठवतेय, मग तो आपल्याकडून खेळेल… हो, माहितेय जावई आहे तो. मुलगी मीच दिली ना त्याला?… लोक काय म्हणतील? म्हणतील सासऱ्याने जावई दिला आणि गोलकीपर घेतला. म्हणू देत."

मग त्याने तिला सगळा हिशोब समजावून सांगितला. या मोसमात संघाने अकरा गोल केले, त्यातले नऊ एकट्या झैदचे. चेंडू पायात आला की तो असा सुटायचा की बाकीचे दहा जण नुसते बघत उभे राहायचे. पण खाल्लेले गोल चौदा. कारण गोलमध्ये इस्मत, आणि इस्मत चेंडू आला की आधी चष्मा सांभाळायचा. कमिटीत पाच जण, दोन अदलाबदलीच्या बाजूचे, दोन विरुद्ध. पाचवा बदरुद्दीन.

"हो, हो… अगो ऐक ना. ऐकून तर घे. सेमीफायनल पंधरा दिवसांवर आहे, ते कळतंय मला… झैद गेला तर हरू? हरू कदाचित. नौशाद सगळे गोल अडवेल, पण करणार कोण?… बरोबर बोलतेस. तुला आमच्या कमिटीत घ्यायला हवी."

तो हसला, पण पलीकडे कोणी हसलं नसावं, कारण लगेच त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने जर्सी बादलीत टाकली, हात लुंगीला पुसले आणि टाकीच्या सावलीत बसला.

"हे बघ, गोलकीपर गेला खड्ड्यात. खरी गोष्ट वेगळी आहे. शाहिद आहे ना, खमीसचा मॅनेजर, तो तिथल्या वर्कशॉपमध्ये मोठ्या जागेवर आहे. त्यांना एसीचं काम येणारा फोरमन पाहिजे. झैदला घ्यायला तयार आहेत, पण शाहिद म्हणतो, काम आमच्यात तर खेळही आमच्यात… हां. पगार बरा आहे. पण पगाराचं नाय ग. फॅमिलीचा इकामा, बायकोपोरांना राहायचा परवाना देतायत. दोन खोल्या देतायत."

"…हो. आपल्या सादियाला आणता येईल. अफनानला पण."

खालच्या रस्त्यावर टॅक्सीवाले ओरडत होते. नात अफनान तीन वर्षांची झाली होती आणि बाप तिला दोनदाच भेटला होता. दुसऱ्या वेळी तर ती आठ दिवस कपाटामागे लपून बसली होती आणि झैदच्या सुट्टीचे ते आठ दिवस तसेच गेले होते. सादिया माहेरीच राहत होती, म्हणजे अमिरुन्निसाजवळ. ते घर त्या दोघींमुळेच भरलेलं होतं, हे बदरुद्दीनला पक्कं ठाऊक होतं.

"हॅलो?… आहेस ना?… नाय, झैद स्वतः नाय म्हणाला. परस्पर नकार दिला त्याने शाहिदला. मला म्हणतो, 'मामू, मी गाव सोडून दुसरीकडून नाय खेळणार.' … शाबास काय त्यात? शाबास नको म्हणूस. म्हणून तर मला मत द्यायचंय. टीमनेच सोडला तर कुणासाठी थांबेल तो?"

"…मला इतकी घाई का? सांगतो. मला पण बोलावलं होतं एकदा. ताइफवाल्यांनी… फुटबॉललाच, मग कशाला? तेव्हा मी पण पळायचो, तू बघितलंस कुठे?… दोन हजार दोन. सादिया रांगत होती. तिकडे काम देत होते, घर देत होते, तुमचा दोघींचा इकामा देत होते. आणि मी म्हटलं, आडेखार सोडून नाय खेळणार. झैद बोलला ना, शब्द न् शब्द तेच."

"…हो. नाय सांगितलं तुला. लाज वाटली."

तेवीस-चोवीस वर्षं त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती बाहेर पडली तसं त्याला हलकं वाटलं आणि भीतीही वाटली.

"…काय? कप?… हो, जिंकलो त्या वर्षी. दोन गोल माझे… आहे ना, कमिटीच्या खोलीत आहे. पेनं ठेवतात त्यात."

पलीकडून काय आलं कोण जाणे, पण बदरुद्दीन पोट धरून हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

"बरं… बरं बाई. देतो मत, करतो अदलाबदलीच्या कागदावर सही. पोरीला आत्ताच सांगू नकोस, झैदला सांगू दे… नाय, रडू नकोस. तूच म्हणालीस ना, जाऊ दे म्हणून?… घर?… हो, घर मोठं आहे. ते ठाऊक आहे मला."

तो उठला, कठड्याशी गेला. खाली हुंडीने घरी पैसे पाठवणाऱ्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेत तो स्वतः किती जुम्मे उभा राहिला, याची मोजदाद त्याला नव्हती.

"ऐक. तू एकटी नाय राहणार… शेजारीण नको. मी येतो… सुट्टीवर नाय ग. खलास, कायमचा. राजीनाम्याचा कागद दोन महिने उशाखाली ठेवलाय, सही करायचा धीर नव्हता… टीम? टीमला मिळेल दुसरा कोणी जर्सी धुवायला. मला कोण अदलाबदलीत मागतंय आता?… तू मागतेस? बदल्यात काय देशील?"

उत्तर ऐकताना तो म्हातारा लाजला.

"बरं, ठेव आता. पाच वाजायच्या आत मला दोन कागदांवर सह्या करायच्यात… हो ग, दोन्हींवर. ठेव."