गवळ्याच्या घरात दुधाले बंदी

माझं माहेर रामटेककडचं, गवळ्याचं, आणि सासर हे नागपूरचं, तेही गवळ्याचंच, म्हणजे मी जन्मले दुधात आणि मले दिलीही दुधातच. काय सांगू तुम्हाले, आमच्या घरी खोकला झाला तर हळद-दूध, झोप नाही आली तर गरम दूध, पोरगं नापास झालं तर दूध आणि पास झालं तर पेढा. आमच्या यांचा तर दुधावर असा भरवसा, की डॉक्टर हा माणूस फक्त चहा पिणाऱ्यांसाठी असतो असंच यांना वाटे.

मग नात झाली, आरू. माझा पोरगा हिंगण्याले कंपनीत शिफ्टला जातो, आणि सून पल्लवी काटोलची, कमी बोलणारी, पण बोलली की विषय संपला. ती म्हणाली, वर्षाची होईपर्यंत पोरीले वरचं दूध द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे कसेबसे थांबले, जसं काही यांचंच दूध तोडलं होतं. वाढदिवसाच्या सकाळी यांनी आपल्या हातानं कपिला गायीचं दूध काढलं, उकळून कोमट केलं, चांदीच्या वाटीत घेतलं, सगळ्यांना समोर बसवलं आणि चमचा पाजला. पोट्टीनं मिटक्या मारल्या. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसे निवडणूकच जिंकले.

आणि मग, माय वं! हनुवटीवर लाल गांधी उठल्या, मग गळ्यावर, मग पोटावर, ओठ सुजून पुरीसारखे झाले, भडाभडा ओकली. मी किंचाळत राहिली, पल्लवीनं पोरीले उचललं आणि अनवाणीच ऑटोकडे पळाली.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सूज उतरली, पुढं तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिले दुधाची ॲलर्जी आहे. हे म्हणाले, शक्यच नाही मॅडम, थेंबभर पाणी नव्हतं त्यात! बाई म्हणाल्या, काका, पाण्याचा त्रास नाही, दुधाचाच आहे. बरं, मग म्हशीचं देऊ? नाही. बकरीचं? तेही नाही, तेही तसंच बाधतं. मले वाटलं आता हे उंटिणीवर जातात. दही, लोणी, पेढा, दूध पावडर घातलेली बिस्किटं, सगळं बंद.

बाई म्हणाल्या, सोयाबीनचं दूध द्या, बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं, कोणतं ते मी सांगते. सोबत वरण, नाचणी खाऊ द्या. बदामाचं, तांदळाचं मनानं चालू करू नका, एवढ्या लहान लेकराचं त्यावर अंग भरत नाही. सोयाबीन ऐकताच हे खुर्चीतून उठलेच. अहो मॅडम, सोयाबीनची ढेप, पेंड हो, ते तर आमच्या गायी खातात! मी म्हटलं, मग काय झालं, मधली गाय तेवढी वगळली. यांनी असे डोळे वटारले, की मी बाहेर जाऊन बसले.

सोयाबीनही काही लेकरांना सोसत नाही, म्हणून पहिला घोट बाईंनी दवाखान्यातच पाजला. पोरीले मानवलं. घरी आल्यावर पल्लवी शांतपणे म्हणाली, आई, अजून एकदा असं झालं तर मी आरूले घेऊन हिंगण्याले खोली करीन. नात नसलेलं घर म्हणजे काय घर हाय का?

दिवस चांगले जाऊन राहिले होते, पोट्टी गुटगुटीत झाली, भिंत धरून चालू लागली. आणि एका दुपारी परत तेच! सोयाबीनचं दूध प्यायली आणि गांधी. परत ऑटो, परत इंजेक्शन. हे रस्ताभर, मी म्हटलं नव्हतं का, मी म्हटलं नव्हतं का. पल्लवी रडून राहिली, तिलेही वाटलं सोयाबीनच बाधलं. बाईंनी विचारलं, आज वेगळं काय केलं? पल्लवी म्हणाली, डबा तोच, चमचा तोच. तेव्हा हे छाती काढून म्हणाले, वेगळं काहीच नाही मॅडम, उलट मी तर पोरीचं दूध कोमट कराले नवं कोरं पातेलं आणलं, आणि रीतीप्रमाणं आधी गायीच्या दुधानं विसळून ठेवलं.

अरे बाप्पा! आमच्यात नवं भांडं दुधानं विसळल्याशिवाय वापरत नाही, आणि ते दूध पाण्यानं धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. बाई यांच्याकडे पाहून राहिल्या, पल्लवी पाहून राहिली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा यांचा चेहरा फाटलेल्या दुधासारखा झालेला पाहिला.

घरी येताच पल्लवीनं बॅग काढली. मी दारात आडवी झाले, अवं पोरी, अवं ऐक. ती ऐकेना. हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, म्हणाले, तू खोली पाहू नको पोरी, घरातून दूधच मी बाहेर काढतो. आणि खरंच काढलं! कॅन, मापं, दुधाची गंजं-पातेली, तुपाची बरणी, सगळं मागच्या गोठ्याजवळच्या खोलीत. आता गिऱ्हाईक तिकडेच येते. धार काढून झाली की हे साबणानं आंघोळ करतात, कपडे बदलतात, आणि मगच पोरीले उचलतात. पल्लवीनं बॅग परत माळ्यावर टाकली.

बाई म्हणतात, मोठी होता होता बऱ्याच लेकरांचं हे दूध बाधणं सुटते, पण पाहायचं ते दवाखान्यातच, घरी प्रयोग नाही. सुटो बापडं, नाही सुटलं तरी ती अशीच दुडदुडत राहो, या घरात राहो.

घ्या, चहा घ्या. तोंड काहून वाकडं करून राहिले गा? काळाच आहे. गवळ्याच्या घरी आता असाच भेटते.