कळीपुढे बसलेली रुबाया

मंडळी, आज आधी प्रश्न! ज्याला पान नाही, मूळ नाही, जे दुसऱ्याच्या जिवावर जगतं, वर घाण मारतं — त्याच्यासाठी कुणी कोठडीत जावं का? हसू नका. एक बाई गेली!

सुमात्रा नावाचं बेट, डच साहेबांचं राज्य. तिथं रुबाया नावाची विधवा. डोंगरउतार तिच्या मालकीचा. तिच्या लोकांत जमीन आईकडून लेकीला जाते — बायांनो, ऐकताय ना? जावयांनो, कानात बोटं घाला!

त्या उतारावर एक रानवेल. वेलीच्या अंगातून फुटली कळी — वेलीची नव्हे हो, तिचा रस पिऊन जगणाऱ्या परक्या फुलाची, कोबीच्या गड्ड्याएवढी! नऊ महिने वाढत आलेली, आता उमलायच्या बेतात; उमलली की सुपाहून मोठी, आणि वास मेलेल्या उंदराचा! असं फूल रुबायानं लहानपणी एकदाच पाहिलेलं. तीस वर्षांनी पुन्हा कळी धरलेली.

आणि हुकूम आला — रान साफ करा, कॉफी लावा! मुकादम दाहलान कोयतेवाले घेऊन हजर. रुबाया वेलीपुढे मांडी घालून बसली.

"बाकीचं तोडा. ही वेल नाही!"

साहेब घोड्यावरून ओरडला, "ना पान, ना मूळ! असलं फुकटखाऊ ठेवायचं कशाला?"

ती म्हणाली, "साहेब, या मातीत तुमचं मूळ कुठंय? भात आमचा खाता, घोड्याला गवत आमचं. या फुलानं निदान वेल तरी जिवंत ठेवलीय!"

काय बोलली हो! साहेब लालबुंद. "बांधा हिला!" नेली की कोठडीत, बारा दिवस!

इकडं दाहलान साहेबाला म्हणे, "उद्या कापतो." उद्या पाऊस. परवा कोयता बोथट. तेरवा त्याची कंबर धरली! — आणि फूल उमललं!

रुबाया सुटून आली, तर वेलीपाशी काळा चिखल. दाहलान मान खाली घालून म्हणाला, "आक्का, पाच दिवस होतं. साऱ्या गावानं नाक दाबून पाहिलं. तुलाच दिसलं नाही गं."

डोळे भरले तिचे. पण म्हणाली, "उमललं ना? बास!"

चहूकडे कॉफी लागली, मंडळी. ती वेल राहिली.

आता तुमच्याकडे येतो! परवा देवळामागचा उंबर पाडला. का? तर फळं सडतात, माश्या येतात! आडवं कोण गेलं? कुणी नाही! "बुवा, आम्हाला काय त्याचं?" — हे मला तोंडावर सांगता?

मृदंग थांबवा. टाळ खाली! उद्या सकाळी ओढ्याकाठच्या करंजावर कुऱ्हाड येणार आहे. मी बुंध्याशी बसणार.

माझ्या शेजारी कोण बसतंय? हात वर करा — मोजल्याशिवाय मी नाम घेणार नाही!